एका वेळी एकच प्रश्न

दाराच्या चौकटीला एक खिळा, खिळ्याला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एक लोखंडी नट. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी बरोबर १०० सेंटिमीटर ठेवा. नट जरासा बाजूला ओढून सोडा आणि जाऊन-येऊन एक, असे वीस झोके मोजा. वेळ ४० सेकंदांच्या अगदी जवळ भरेल. आता दोरा २५ सेंटिमीटर करा. लांबी पाव झाली. वीस झोक्यांचा वेळ मात्र निम्मा, म्हणजे २० सेकंद. चंद्रपुरात करा, सावंतवाडीत करा, पौर्णिमेला करा की अमावास्येला, उत्तर हेच येतं. खिळा, दोरा आणि नट एवढ्याच सामानात निसर्गाचा एक नियम हाती लागतो, याचं मला दरवेळी नव्याने नवल वाटतं.

हाच लंबक सहावी-सातवीच्या वर्गात द्या. मोजणी सुरू व्हायच्या आधीच मुलांनी निकाल लावून टाकलेला असतो. "बाई, जड नट जोरात जाणार!" यावर जवळपास सगळ्या वर्गाचं एकमत असतं. मग एखादा गट कामाला लागतो. आधी छोटा नट बांधून वेळ मोजतात, मग तो सोडून मोठा नट बांधतात. मोठ्या नटाला दोऱ्याचे दोन वेढे जास्त लागतात, गाठही मोठी बसते आणि दोरा बोटभर आखूड होतो. पुन्हा वेळ मोजतात, तो खरोखरच थोडा कमी भरतो. "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं!" मुलांनी मोजणी प्रामाणिकपणे केली, आकडे वहीत नीट लिहिले, तरी निष्कर्ष साफ चुकला. वजन वाढलं तेव्हाच लांबीही घटली होती. वेळ नेमका कशामुळे कमी झाला, हे त्या आकड्यांना विचारून उपयोग नाही. त्यांना ते ठाऊकच नाही.

ज्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी जिनिव्हात मुलांपुढे लंबकाचंच कोडं ठेवलं होतं. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्याची सविस्तर नोंद आहे. लहान वयाची मुलं वजन आणि लांबी दोन्ही एकदम बदलत आणि खुशाल निष्कर्ष काढत. एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या, ही शिस्त बऱ्याच उशिरा, किशोरवयात दिसू लागे. म्हणजे आपल्या वर्गातली मुलं काही वेगळं करत नाहीत. माणसाचं मन आपणहून एका वेळी एकच गोष्ट बदलत नाही. ते त्याला शिकवावं लागतं.

लंबकात काय काय बदलू शकतं? नटाचं वजन, दोऱ्याची लांबी, नट किती दूर ओढला ते, तो नुसता सोडला की ढकलला ते. अशा बदलू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला विज्ञानात चल म्हणतात. आपण मुद्दाम बदलतो तो स्वतंत्र चल. त्याच्या बदलानुसार काय घडतं हे आपण मोजतो, तो अवलंबी चल. इथे तो वीस झोक्यांचा वेळ आहे. उरलेले सगळे चल मुठीत धरून ठेवायचे, त्यांना हलू द्यायचं नाही. व्याख्या एवढीच. ती फळ्यावर लिहून घ्यायला पाच मिनिटं लागतात, पण हाताला कळायला लंबकच लागतो.

आता वजनाचा प्रश्न पुन्हा, नीट विचारू. एका नटाऐवजी तीन नट घेऊ. इथे आणखी एक गंमत आहे. नट एकाखाली एक लोंबते बांधले, तर खालच्या नटांमुळे लंबक लांब होतो आणि लांबी पुन्हा चोरपावलांनी आत शिरते. म्हणून दोऱ्याच्या टोकाला तारेचा एक आकडा करायचा आणि तिन्ही नट त्याच आकड्यात शेजारी शेजारी अडकवायचे. दोऱ्याला हात लावायचा नाही. वीस झोके. चाळीस सेकंद. मुलांचा पहिला संशय मोबाईलच्या स्टॉपवॉचवर जातो, दुसरा मोजणाऱ्यावर. पुन्हा मोजतात, पुन्हा चाळीस. वजन तिप्पट झालं आणि वेळ जागचा हलला नाही! पाठ्यपुस्तकात हेच वाक्य वाचून कोणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. इथे मात्र स्वतःच्या हाताने केलेला प्रयोग आपल्या पक्क्या मताविरुद्ध उभा राहतो, आणि मत सोडावं लागतं.

तिसरा चल तर गॅलिलिओलाही पुरता सापडला नव्हता. झोका मोठा असो की लहान, वेळ तोच लागतो असं त्याचं म्हणणं होतं. लहान झोक्यांपुरतं ते जवळपास खरं आहे. पण नट ६० अंशांपर्यंत उचलून सोडला, तर झोक्याला सुमारे ७ टक्के जास्त वेळ लागतो. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३ साली लंबकाच्या घड्याळांवर ग्रंथ लिहिला, त्यात मोठ्या आणि लहान झोक्यांचा वेळ तंतोतंत सारखा यायला लंबकाची वाट कोणत्या वक्राची हवी, हे गणिताने सिद्ध केलं. लांबी आणि वजन कायम ठेवून फक्त कोन बदलला, तर हा फरक सातवीतल्या मुलांनाही पकडता येतो. मोठे झोके लवकर मंदावतात, म्हणून मोजायचे मात्र पहिलेच काही झोके.

लंबक गुणी आहे. आपण काही केलं नाही, तर तोही वेगळं काही करत नाही. जिवंत गोष्टी अशा नसतात. घरात लेकराला सर्दी झाली की आजी काढा देते, बाबा डॉक्टरांकडून गोळ्या आणतात, आई शाळा बुडवून झोपवून ठेवते. चार-पाच दिवसांनी लेकरू उड्या मारू लागतं आणि तिघंही मनातून सुखावतात. श्रेय कोणाला द्यायचं? इथे तर चौथाही दावेदार आहे: सर्दी पुष्कळदा काहीही न करता आपोआप बरी होते. तीन उपायांपैकी दोन वगळून एकच ठेवला, तरी हा चौथा दावेदार हटत नाही. त्याला हटवायचा एकच मार्ग आहे. ज्यांना उपाय केला त्यांच्या शेजारी, बाकी सगळ्या बाबतींत तशीच असलेली, पण उपाय न केलेली माणसंही पाहायची. या तुलनेच्या जोडीदाराला कंट्रोल म्हणतात. काहीही न केलेली बाजू बोलते, आणि तिच्या बोलण्याशिवाय केलेल्या बाजूचं बोलणं समजत नाही. विज्ञानातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत सुंदर वाटते.

मुंबईने ही युक्ती जीवन-मरणाच्या प्रसंगी पाहिली आहे. १८९६ साली मांडवी भागात प्लेग उठला आणि पाहता पाहता शहरभर पसरला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यातून लस सोसते एवढं कळलं. ती प्लेग रोखते का, हा प्रश्न उरलाच. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तयार झालेल्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. छप्पर एक, अन्न एक, पाणी एक, दिनक्रम एक. फरक फक्त लशीचा. टोचलेल्यांमध्ये प्लेग कितीतरी कमी आढळला. शहरात मोकळ्या फिरणाऱ्या माणसांवर हीच तुलना केली असती, तर कोण माडीवर राहतं आणि कोण चाळीत, कोण शहर सोडून गावी गेलं, अशा शंभर गोष्टी मध्ये आल्या असत्या. भिंतींनी त्या बाहेर ठेवल्या. तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे. शिवाय आपणहून पुढे येणारे आणि मागे राहणारे मुळातच वेगळे असू शकतात. म्हणून आजच्या लशींच्या चाचण्यांत कोणाला लस द्यायची हे माणसाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

माणसांपेक्षा झाडं सोपी वाटतात. झाडाला मर्जी नाही, मत नाही, ते कुठे जात नाही. तरी त्याने युरोपातल्या भल्याभल्यांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चकवलं.

यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांना जाणून घ्यायचं होतं की झाड एवढं मोठं होतं ते कशापासून. त्यांनी भट्टीत सुकवलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, माती कुंडीत भरली आणि ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं. धूळ पडून मातीचं वजन वाढू नये म्हणून कुंडीवर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. मग वजन केलं: झाड १६९ पौंडांचं आणि माती पुन्हा सुकवून पाहिली तर जेमतेम दोन औंस कमी, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. माती खाऊन झाड वाढत नाही हे त्यांनी पुराव्याने दाखवलं, आणि पुढचा निष्कर्ष काढला की सगळं लाकूड पाण्याचंच झालं. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. मातीवर त्यांनी धुळीचा कणही पडू दिला नाही. झाडाभोवतीची हवा मात्र पाच वर्षं येत-जात राहिली, आणि तिचा हिशेब कोणी ठेवला नाही. नवल असं की कोळसा जळताना जो वायू सुटतो, त्याचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या माणसांपैकी हेच हेल्मोंट होते. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. झाडाचं लाकूड घडवायला कार्बन त्याच वायूतून येतो. उत्तर त्यांच्या प्रयोगशाळेत होतं, फक्त या प्रयोगाच्या यादीत नव्हतं.

पुढचं पाऊल इंग्लंडमधल्या लीड्स शहरात पडलं. १७ ऑगस्ट १७७१ रोजी जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती विझेपर्यंत जळलेल्या हवेत पुदिन्याची एक काडी ठेवली. दहा दिवसांनी, २७ तारखेला, त्याच हवेत दुसरी मेणबत्ती उत्तम जळली. एखादा उतावळा माणूस इथेच नाचू लागला असता. प्रीस्टली थांबले. हवा दहा दिवसांत आपोआप सुधारली असेल तर? सर्दीच्या चौथ्या दावेदाराचाच हा प्रश्न. म्हणून त्यांनी मेणबत्तीने बिघडवलेली हवा घेऊन तिचे दोन भाग केले. एका भागात पुदिना ठेवला. दुसरा भाग तसल्याच काचेच्या भांड्यात, तसाच पाण्यावर उपडा, तशाच जागी ठेवला, फक्त पुदिन्याशिवाय. पुदिन्याच्या भांड्यात मेणबत्ती जळली, रिकाम्या भांड्यात जळेना. त्या रिकाम्या भांड्याने झाडाच्या बाजूने साक्ष दिली.

तरीही गोष्ट संपली नाही. इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा तो कधी जमे, कधी फसे. स्वीडनमध्ये कार्ल शेले यांना उलटंच दिसलं, झाडं हवा बिघडवतात असं. पुढे खुद्द प्रीस्टलींनाही एकसारखे निकाल मिळेनात. प्रयोग असा लहरीपणे वागू लागला की समजावं, कोणीतरी अनोळखी चल मोकळा फिरतो आहे. १७७९ च्या उन्हाळ्यात डच डॉक्टर यान इंगेनहाउझ यांनी लंडनजवळच्या एका घरात पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि तो पकडला. पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली की त्यांवर बुडबुडे येत. अंधारात ते थांबत. पण ऊन म्हणजे उजेडही आणि ऊबही. दोन चल एकाच किरणातून येतात! इंगेनहाउझ यांनी दोघांची फारकत केली आणि दाखवून दिलं की काम उजेडाचं आहे, नुसत्या उबेने ते होत नाही. झाड हवा शुद्ध करतं ते उजेडात, आणि तेही फक्त हिरव्या भागांनी. अंधारात तेही आपल्यासारखाच श्वास घेतं आणि हवा बिघडवतं. म्हणजे प्रीस्टली खरे होते आणि शेलेही खरे होते. दोघांच्या भांड्यांवर उजेड किती पडत होता, एवढंच कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

शाळेत मुगाचा प्रयोग करताना मुलं नकळत याच वाटेने जातात. दोन वाट्यांत ओला कापूस, त्यावर मूग. एक वाटी खिडकीत, एक कपाटात. आठवड्याने कपाट उघडलं की वर्ग अवाक होतो: कपाटातली रोपं खिडकीतल्यांपेक्षा उंच! "सर, अंधारात रोप जास्त वाढतं." पट्टीने मोजलं तर खोटं नाही. पण जवळून पाहा. देठ पांढुरके, लांबुळके. पानं पिवळी, मिटलेली. बोट लावलं तर रोप आडवं होतं. मातीखाली अंकुरलेल्या बीला उजेड वरच भेटणार असतो, म्हणून अंधारात ते आपली सगळी शिदोरी उंची गाठण्यात खर्च करतं. रोपं पूर्ण सुकवून शाळेच्या तराजूवर ठेवली, तर अंधारातल्या रोपांचं वजन मूळ मुगांपेक्षाही कमी भरतं. त्यांनी कमावलं काहीच नाही, फक्त साठवलेलं उडवलं. काय बदलायचं हे ठरवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच काय मोजायचं हे ठरवणंही.

या प्रयोगात आणखी भोकं आहेत, आणि ती मुलांनाच शोधू द्यावीत. खिडकीतला कापूस लवकर वाळतो, कपाटातला ओला राहतो. म्हणजे पाण्याचाही फरक पडला. कपाटात ऊब वेगळी, वारा नाही. मग कोणी सुचवतं, दोन्ही वाट्या खिडकीतच ठेवू आणि एकीवर काळा डबा उपडा घालू. छान. पण डब्याने उजेडाबरोबर वाराही अडतो. मग दुसरीवर त्याच मापाचा पारदर्शक डबा घालू. जो मुलगा हे बोलतो, त्याने त्या क्षणी प्रीस्टलींच्या रिकाम्या भांड्याचं मर्म ओळखलेलं असतं. मग प्रश्न येतो, एका वाटीत एकच मूग का नको? एखादा दाणा मुळातच किडका निघाला तर सगळा दोष उजेडाच्या माथी येईल, म्हणून प्रत्येक वाटीत वीस-पंचवीस दाणे. प्रत्येक शंकेबरोबर प्रयोग थोडा खरा होत जातो.

हे सारं मोठ्या वयाची वाट न पाहता शिकवता येतं, हा आनंदाचा भाग आहे. झे चेन आणि डेव्हिड क्लार यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुसरी ते चौथीच्या मुलांपुढे उतारावरून चेंडू सोडण्यासारखे प्रयोग ठेवले होते. उताराची चढण, पृष्ठभाग, चेंडू असे अनेक चल त्यांत होते. ही तुलना चांगली का, ती फसवी का, हे उदाहरणं दाखवून स्पष्ट समजावलं आणि बरोबरीने मुलांना कारणं विचारली, तेव्हा मुलं ती शिस्त शिकली. मोठी मुलं ती नव्या प्रयोगांतही वापरू लागली. नुसतं साहित्य हातात देऊन "करून बघा" म्हटल्याने ते तितकंसं साधलं नाही. शिक्षकाने इथे बोलायलाच हवं. काय बदललंस? काय मोजणार आहेस? काय काय तसंच ठेवलंस? आणि काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? हे चार प्रश्न वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

ही शिस्त परीक्षेनंतर उपयोगी पडत राहते. दुकानदाराने नवं टॉनिक गळ्यात मारलं आणि त्या वर्षी कापूस जोमाने आला, तर टॉनिक गुणाचं की पाऊस, हे सांगणार कोण? हे शिकलेला मुलगा आपल्या वडिलांना सांगेल, "बाबा, मधल्या चार ओळी फवारू नका." बांधाकडच्या ओळी तो निवडणार नाही, कारण तिथलं ऊन, वारा आणि ओल मधल्या ओळींसारखी नसते. वेचणीला त्या चार ओळींचा कापूस शेजारच्या फवारलेल्या चार ओळींशी वेगळा तोलला, की टॉनिकच्या पैशाचा हिशेब घरातच लागतो.

आपल्या विज्ञान प्रदर्शनांत दरवर्षी ज्वालामुखीचे लाल फेस आणि थर्माकोलचे पवनचक्कीचे नमुने मांडले जातात. त्यांचं उत्तर आधीच ठाऊक असतं. त्यांच्या शेजारी एखादं टेबल अशा मुलांना द्यावं, ज्यांच्यापुढे दोन वाट्या आहेत, एकच फरक आहे, आणि उत्तर ना त्यांना ठाऊक आहे, ना त्यांच्या शिक्षकांना. निकाल काहीही येवो, तो त्यांचा स्वतःचा असेल, आणि पुढचा प्रश्न त्यांना कोणी सुचवावा लागणार नाही.